शर्वरीपूरचे ओजोहर

डॉ. रेणुका उपासनी यांनी मस्तकावरचे भासकवच उतरवले, तेव्हा प्रयोगशाळेच्या काचेबाहेर लख्ख दुपार होती आणि डोंगराच्या पायथ्याशी, कृष्णेच्या वळणावर, वाई गाव ऊन खात पहुडले होते. त्यांचे चित्त मात्र अद्याप दुसऱ्याच नगरात होते. त्या नगरातल्या एका अंगणात, निळीच्या रांजणाशेजारी, कालिंदी नावाची रंगारीण ओले लुगडे पिळता पिळता खाली बसली होती. विसावण्यासाठी ती बसली नव्हती. तिचे गुडघेच मिटले होते.

“कुणीतरी तिचं ओज पितो आहे,” रेणुकाबाई म्हणाल्या.

समोरच्या यंत्रफलकाशी बसलेल्या दस्तगीर मुजावरांनी मान वर केली नाही. खिडकीपाशी उपरणे सावरून बसलेल्या मोरेश्वरशास्त्री खांबेटे यांनी डोळे मिटले. त्या तिघांनी मिळून ते नगर रचले होते, आणि गेल्या काही दिवसांत त्यांपैकी कोणीही दुसऱ्याकडे सरळ पाहत नव्हते.

शर्वरीपूर पृथ्वीवर कोठेही नाही. ते प्रतिनगर आहे, म्हणजे केवळ गणनेने निर्माण केलेले आणि यंत्राच्या उदरात चालणारे नगर. खेळाडूने भासकवच परिधान करावे, वैद्य, गायक, सैनिक, व्यापारी अशी एखादी भूमिका स्वीकारावी आणि त्या नगरात जाऊन राहावे, असा तो खेळ. खेळाचे रहस्य एकच. या नगरावर दिसणाऱ्या सभेचे राज्य नाही. त्यावर गुप्तपणे ओजोहर राज्य करतात. त्यांना ओळखणे हे खेळाडूचे काम.

पाश्चात्त्यांच्या कथांत ज्याला व्हॅम्पायर म्हणतात, तो रक्त पितो. शास्त्रीबुवांनी आरंभीच या कल्पनेला नकार दिला होता. रक्त सांडले की डाग राहतो, असे त्यांचे म्हणणे. ओज गेले की माणूस एवढेच म्हणतो, आज जरा थकवा आहे. राज्य दीर्घकाळ चालवायचे असेल तर दुसरी चोरी अधिक सोयीची. म्हणून शर्वरीपुरातील प्रत्येक नागरिकाला ओज दिले गेले. ते अन्नाने, निद्रेने आणि स्नेहाने वाढते, श्रमाने आणि शोकाने घटते. घरोघरी अदृश्य ओजमापक बसवले होते. घट आणि वाढ यांचा मेळ जेथे बसत नाही, तेथे कोणीतरी पीत आहे असे समजायचे.

आणि पिणारा कोण, हे रचनाकारांनी स्वतःलाही कळू दिले नव्हते. ज्याला उत्तर ठाऊक असते त्याच्या डोळ्यांत ते दिसते, आणि चतुर खेळाडू प्रथम डोळे वाचतो. म्हणून मुजावरांनी नगराचा कारभार पाहणाऱ्या नगरबुद्धीला दोनच आज्ञा दिल्या. या नगरात इतरांच्या ओजावर जगणारा आणि ज्याच्या इच्छेपुढे नगर वाकते असा कोणीतरी असावा. आणि तो कोण हे कधीही, कोणालाही कळू नये. त्यानंतर यंत्राला वेग देऊन त्यांनी शर्वरीपूरचा सहस्र वर्षांचा इतिहास काही आठवड्यांत घडू दिला. मधूनमधून ते तिघे पाहणीसाठी आत जात आणि परत येत. गेल्या दसऱ्यापासून नगराचे घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालू लागले होते. येत्या दसऱ्याला नगराची द्वारे सर्वांसाठी उघडायची, असे प्रयोगशाळेच्या संचालकांनी जाहीर केले होते.

रस्ते, घरे आणि व्यवसाय रेणुकाबाईंनी रचले. नगरबुद्धी मुजावरांची. व्रते, शपथा, सण, सुतके, आशीर्वाद, म्हणजे ज्याच्यामुळे वस्तीचे नगर होते ते सारे, शास्त्रीबुवांचे. पंचाहत्तरी उलटलेले हे गृहस्थ स्नान केल्यावाचून भासकवचाला स्पर्श करीत नसत आणि नगरात उजवे पाऊल टाकूनच प्रवेश करीत. मुजावरांनी एकदा थट्टा केली होती, की शास्त्रीबुवा, तिथं पाय नसतात. “मग मनातला उजवा,” असे शास्त्रीबुवांनी उत्तर दिले होते, आणि मिरजेचे मुजावर पुढे कित्येक दिवस प्रयोगशाळेत शिरताना उजवा पाय पुढे टाकीत राहिले. तेव्हा दिवस असे होते.

कालिंदी खरी की खोटी, हा प्रश्न तिघांनी पूर्वीच निकालात काढला होता. संचालकांच्या दृष्टीने ती खेळातील एक पात्र. शास्त्रीबुवांचे मत वेगळे होते. ज्याला दुःख होईल असे आपणच रचले, त्याचे दुःख खोटे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, असे ते म्हणत. आणि या मताला विरोध करण्यासारखे काही मुजावरांच्या गणितात नव्हते. रेणुकाबाईंना मताची गरजच नव्हती. पाहणीसाठी त्या ज्या घरी उतरत, ते घर कालिंदीचे होते. कोपरापर्यंत निळे झालेले हात, तोंडाने अखंड बडबड आणि पाठीशी बांधलेली तान्ही शेवंती, अशी ती स्त्री. एकदा रेणुकाबाई लुगड्याचे दुसरे टोक धरायला पुढे झाल्या, तर तिने ते हिसकावून घेतले होते.

“पाहुणीनं कामाला हात लावायचा नसतो, बाई. सासू बघतीय माझी.”

“सासू तर गेली म्हणालीस.”

“वर गेली. तिथून तर जास्तच दिसतं तिला.”

आता ती बडबड क्षीण झाली होती. हसताना तिला मध्येच दम लागे. तिच्या घरच्या ओजमापकात घट होती, वाढ होती, आणि त्यांचा मेळ बसत नव्हता. कोणीतरी तिला पीत होते, आणि हे असेच चालले तर तान्ह्या पोरीला सोडून ती जाणार, हे निश्चित होते. रेणुकाबाईंच्या दृष्टीने खेळ तेथेच संपला होता. त्यांना आता ओजोहर हवा होता, खेळाडूंच्या आधी.

त्यांनी प्रथम नगरसभेवर संशय घेतला, आणि सभासदांवर ओजमापक लावले. सभासद निर्मळ निघाले. मग वैद्य, मग सावकार, मग टेकडीवरच्या मठातले संन्यासी. ज्याच्यावर मापक लावावा तो निर्मळ. कालिंदी मात्र खंगत होती. रेणुकाबाई पूर्वी पंधरवड्यातून एखादे वेळी जात. आता त्या रोज जाऊ लागल्या. तिच्या ओसरीवर बसून त्या येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवीत. शेजारीण ताक घेऊन आली तरी तिच्या हाताकडे पाहत.

आणि नगरात कोणी सापडेना, तेव्हा त्यांचा संशय नगराबाहेर आला. जी घरे सर्वाधिक खंगत होती, ती सगळी शास्त्रीबुवांचे आचार निष्ठेने पाळणारी होती. जेथे व्रते ढिली, तेथे माणसे धडधाकट. हा योगायोग असू शकत नव्हता. एका दुपारी त्यांनी मुजावरांना जिन्यात गाठून विचारले, की एखाद्या विधीच्या आडून नगरबुद्धीच्या कानात काही घालता येईल का. मुजावर आधी हसले, मग हसायचे थांबले. शास्त्रीबुवांना उत्तर ठाऊक आहे, असे रेणुकाबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यानंतर मुजावरांना वाटू लागले, की आज शास्त्रीबुवांवर संशय, तर उद्या आपल्यावर. तिघांचा चहा पूर्वी एका टेबलावर येई. तो आता तीन ठिकाणी जाऊ लागला.

कालिंदीचे गुडघे मिटले त्या दिवशी रेणुकाबाईंनी आडपडदा ठेवला नाही. शास्त्रीबुवांचा प्रत्येक विधी ओजमापकाखाली उघडावा, आणि तोही त्यांच्या समक्ष, अशी त्यांनी मागणी केली. शिवाय संचालकांच्या कानावर आपण कालच सारे घातले आहे, हेही सांगितले. म्हणजे दोष सिद्ध झाला तर त्या वृद्ध विद्वानाला उद्यापासून या वास्तूत पाऊल टाकता येणार नव्हते. शास्त्रीबुवांनी केवळ मान हलवली. मुजावरांकडे पाहून ते म्हणाले, “उघडा, दस्तगीर. मला वाईट वाटणार नाही. आणि वाटलं तर ते मापकात येणार नाही.”

विधी एकामागून एक उघडले गेले. सांजदिव्याचा विधी, नव्या घराची शांत, वडीलधाऱ्यांचा मस्तकी हात, विवाहातील शपथ, शोकाचे दिवस. प्रत्येकात थोडे ओज इकडून तिकडे जाई आणि पूर्णपणे परत येई. सारे निर्मळ होते. शेवटी एकच विधी उरला. अतिथीचा.

त्या एकट्या विधीला ओजमापक कधी बसवलाच नव्हता. शास्त्रीबुवांनी रचलेला नियम असा होता: दारी आलेल्या अतिथीला त्याने अन्न घेण्यापूर्वी नाव, कुळ आणि काम विचारू नये, आणि त्याच्या पानातले मोजू नये. हा नियम लिहिला गेला तेव्हा इतर दोघांनी तो आनंदाने मान्य केला होता. रेणुकाबाईंच्या आई पाहुण्यांना वाढत, पण त्यांच्या घासाकडे पाहत नसत. मुजावरांच्या आजोबांच्या घरी पाहुणा जेवायला बसला की कंदिलाची वात थोडी खाली करीत, घरच्यांच्या ताटात काय कमी आहे ते त्याला दिसू नये म्हणून. तीन सभ्य घरांतून आलेल्या तीन माणसांनी एकमताने नगरातला एकच पाट न मोजता सोडला होता, आणि त्याला ते संस्कार म्हणत होते.

मुजावरांचे बोट कळीवर गेले. तोच शास्त्रीबुवा आपल्या जागेवरून उठले आणि त्यांनी स्वतःचा सुरकुतलेला हात त्या हातावर ठेवला.

“हा उघडू नका.”

रेणुकाबाईंना जे सिद्ध करायचे होते ते त्या एका हाताने सिद्ध झाल्यासारखे झाले. त्यांचा स्वर अगदी शांत होता. “आता तरी सांगा, शास्त्रीबुवा. कोण आहे तो?”

“सांगतो. पण आधी दस्तगीरांना त्यांचा नियम बोलून दाखवू दे. मला तो ऐकीव आहे, त्यांना गणिताने येतो.”

मुजावरांनी कळीवरचे बोट काढून घेतले आणि नियम सांगितला. गुपिताला गळती असते. जाणणारा एकच असला तरी तो कधीतरी लाडात येतो, रागावतो, झोपेत बरळतो. त्या त्या दिवशी गुपित फुटण्याची शक्यता कितीही अल्प असो, सहस्र वर्षांत ती खात्री होते. तेव्हा ज्या गुपिताने कधीही फुटू नये अशी आज्ञा आहे, ते टिकवण्याचा एकच मार्ग उरतो. जाणणाऱ्यांची संख्या शून्य करणे.

“म्हणजे ओजोहराला स्वतःलाही माहीत नसतं,” रेणुकाबाई म्हणाल्या.

“नसतंच. त्याला वाटत असतं, आपण चार लोकांसारखे. आणि दुसरं असं, मॅडम, की नगरात कुणावर संशय आला की सत्ता तिथून सरकते. तुम्ही सभेवर मापक लावलात, सभा निर्मळ झाली. आधीपासून होती की तेव्हा झाली, हे मलाही सांगता येणार नाही. सहस्र वर्षं ती अशी सरकत सरकत गेली असणार. जिथं संशय पोचूच शकत नाही, तिथपर्यंत.”

“आणि संशय कुठं पोचत नाही?” शास्त्रीबुवांनी विचारले. उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. “मी दोन दिवस याच्यावरच विचार करतो आहे, बाई. संशय सगळीकडे जातो, फक्त संशय घेणाऱ्याकडे जात नाही. नगरात असा कोण आहे, ज्याला नाव विचारलं जात नाही, ज्याच्या पानातलं मोजलं जात नाही, आणि जो स्वतःच चोराला शोधतो आहे? मला वाटतं, तो तिथं पाटावर बसतो, जेवतो, आणि इथं परत येऊन म्हणतो, कुणीतरी तिचं ओज पितो आहे.”



रेणुकाबाईंनी वाद घातला नाही, कारण वाद घालण्याआधीच त्यांच्या मनाने हिशेब उलटा लावायला आरंभ केला होता. कालिंदी खंगते म्हणून आपण रोज जातो, असे त्या समजत आल्या होत्या. पण पंधरवड्यातून एखाद्या दिवशी जात होत्या, तेव्हा ती धडधाकट होती. काळजीने फेऱ्या वाढल्या, फेऱ्यांनी क्षीणता वाढली, क्षीणतेने काळजी. कारण आणि कार्य यांनी जागा बदलल्या होत्या आणि ओसरीवर बसून त्या ताकाच्या भांड्यावर पहारा करीत होत्या. निष्ठेने आचार पाळणारी घरे खंगत होती ती व्रतांमुळे नव्हे. तीच घरे दारावरच्या रचनाकाराला पाटावर बसवीत होती.

आणि राज्य? गेल्या हिवाळ्यात कालिंदीच्या अंगणात त्या सहज म्हणाल्या होत्या, की या नगराला निळा रंग शोभेल. आज विणकरांचा मोहल्ला निळा होता, वेशीचे कमानद्वार निळे होते, सभागृहावरचे छत निळे होते. प्रत्येक घरातली उत्तम खोली पाहुण्यासाठी रिकामी होती. मुले अनोळखी माणसासमोर गप्प बसायला शिकली होती. रेणुकाबाईंना ते सारे नगराचे सौंदर्य वाटले होते. नगर कोणापुढे वाकते, हे त्यांनी सर्वत्र शोधले. ते आपल्यापुढे वाकते आहे हे दिसायला त्यांना उभे राहायला जागाच नव्हती. दिव्याखाली अंधार असतो, एवढे लहानपणी सगळेच शिकतात.

“हे खरं असेल तर एकदा मापक लावून पाहू,” अखेरीस त्या म्हणाल्या. “पाटावर.”

“म्हणूनच हात धरला,” शास्त्रीबुवा म्हणाले. “आपण इथं बोललेलं नगरबुद्धीला ऐकू जात नाही. पण मापक हा नगरातला संशय. तो लावलात की सत्ता त्या पाटावरून सरकेल.”

“सरकू दे. कालिंदी तर वाचेल.”

मुजावरांनी यंत्रफलकाकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. “सरकून कुठं जाईल ते बघा, मॅडम. पाहुण्यावर संशय घ्यायला शिकलेल्या घरात, जिच्यावर कुणी कधीच संशय घेणार नाही, अशी एकच आहे. ती तिच्या पाठीला बांधलेली असते.”

शेवंतीचे नाव कोणी उच्चारले नाही. ओज पिणे आणि दूध पिणे या दोन गोष्टी कोणता मापक वेगळ्या करणार होता, हाही प्रश्न कोणी विचारला नाही.

पुढचे सर्व त्या एका नियमातून आपोआप निघत गेले. कालिंदीला सावध करता येत नव्हते, कारण सावध करणे म्हणजे संशय शिकवणे. विधी बदलता येत नव्हता. पुरावा मिळवता येत नव्हता, कारण ज्या क्षणी तो मिळाला असता त्याच क्षणी तो खोटा ठरून दुसऱ्या कोणाच्या तरी मस्तकी बसला असता. ओजोहराचे आसन अतिथीच्या पाटावरच राहू देणे, आणि त्या पाटावर पुन्हा कोणी न बसणे, एवढाच मार्ग होता. राजा नगरात आलाच नाही, तर त्याचे राज्य कितीही वर्षे चालले तरी कोणाचे काही बिघडत नाही. शर्वरीपूर दसऱ्याला उघडले आणि सहस्रावधी खेळाडू ओजोहरांच्या शोधात घरोघरी पाटावर बसले, तर ते नगर दिवाळी पाहणार नव्हते.

भासकवचापासून नगरापर्यंतचा प्रवेशमार्ग मोडून टाकणे मुजावरांना शक्य होते. तो एकदा मोडला की पुन्हा बांधता येत नाही. नगरबुद्धी आपल्या गतीने चालत राहील, पण आत जाण्याची वा आत डोकावण्याची वाट उरणार नाही. कालिंदी सावरली की नाही, हे कोणालाही कधीही कळणार नाही. संचालक कारण विचारतील, आणि रेणुकाबाईंजवळ कारण असेल, पुरावा नसेल. ज्या संशयाने त्यांनी शास्त्रीबुवांची जागा धोक्यात आणली, त्याहूनही कच्च्या संशयावर त्यांना आपले सात वर्षांचे काम बुजवायचे होते, आणि हा संशय स्वतःवरचा होता.

“संचालकांना मी सांगेन,” त्या म्हणाल्या. “तुमच्याबद्दल जे सांगितलं तेही परत घेईन. नगरावर माझं राज्य होतं ना, मग ही आज्ञा माझीच असू दे.” थोडे थांबून त्या शास्त्रीबुवांना म्हणाल्या, “तुम्हाला मी चोर ठरवलं होतं.”

“तुम्ही शोधत होतात,” शास्त्रीबुवा म्हणाले. “शोधणाऱ्याला कोणीतरी लागतोच. मी जवळ होतो.”

मुजावरांनी प्रवेशमार्गाची रचना फलकावर आणली. शेवटच्या कळीआधी ते थबकले, आणि रेणुकाबाईंनी तेच मागितले जे त्या मागतील असे मुजावरांना वाटत होते. एकदाच जाऊन येते, असे त्या म्हणाल्या. जेवणार नाही, पाटावर बसणारही नाही. दारातूनच पाहीन. शेवंती आता रांगायला लागेल. न सांगता निघून जाणे बरे दिसत नाही. मुजावरांनी निमूटपणे भासकवच पुढे केले. शास्त्रीबुवा खिडकीबाहेर पाहत राहिले.

रेणुकाबाईंनी भासकवच दोन्ही हातांत धरले. कालिंदीला पाहिल्यावाचून आपल्याला राहवत नाही, तिच्या अंगणातून परतलो की मन टवटवीत होते, या गोष्टी त्यांना आजवर मायेच्या खुणा वाटत आल्या होत्या. त्या खोट्या होत्या असे आताही वाटत नव्हते. पण ज्याला आपण ओजोहर आहोत हे ठाऊक नसते, त्याला तहान लागते तेव्हा तो तिला कोणत्या नावाने ओळखत असेल, हा विचार एकदा आल्यावर परत जाईना. तहान म्हणून तर ओळखत नसणारच. तोही हेच म्हणत असेल, की एकदाच, दारातूनच.

त्यांनी भासकवच फलकावर ठेवले आणि हात मागे घेतले.

“निरोप तरी?” मुजावरांनी हळूच विचारले.

“निरोप घ्यायला पाहुणा परत फिरला, की ती पुन्हा पान वाढेल,” रेणुकाबाई म्हणाल्या. “मोडा वाट.”